लेट्यूसच्या जुन्या वाणाची गोष्ट

जुन्या वाणांचे बियाणे विकणाऱ्या परदेशी कंपन्यांच्या पाकिटांवर लेट्यूसच्या बाबतीत एक सूचना बहुधा छापलेली असते. बी ओल्या मातीवर पसरा, हलक्या हाताने दाबा, पण मातीने झाकू नका. झाकलेच तर अगदी नावापुरते. आपल्याकडे मेथी, मुळा, कोथिंबीर यांचे बी पेरले की वर माती लोटायची, हे लहान मुलालाही ठाऊक असते. उघड्यावर राहिलेले बी वाळते, मुंग्या नेतात, पाखरे टिपतात. मग लेट्यूसलाच हा वेगळा नियम का? बागवानांना तो अनुभवाने माहीत होता. त्याचे कारण मात्र विसाव्या शतकाच्या मध्याला सापडले आणि त्या शोधाने वनस्पतिशास्त्राचे एक मोठे दालन उघडले.

या लेखात आपण लेट्यूसच्या एका जुन्या वाणाच्या मागोमाग, बियापासून पुन्हा बियापर्यंत, जाऊन पाहू. वाण आहे अमेरिकेतील ‘आइसबर्ग’. हे नाव आज हॉटेलातल्या सॅलडमुळे आणि बर्गरमुळे आपल्याही ओळखीचे झाले आहे. पण बाजारातला आइसबर्ग आणि मूळ आइसबर्ग हे एकच नव्हेत, हे पुढे येईलच.

आधी थोडी कुळकथा. लेट्यूस सूर्यफुलाच्या कुलातले. त्याचे शास्त्रीय नाव लॅक्टुका सटायवा. लॅटिनमध्ये ‘लॅक’ म्हणजे दूध. पान किंवा दांडा मोडला की पांढरा चीक येतो, त्यावरून हे नाव पडले. आपल्या शेताच्या बांधावर उगवणारी पाथरीची भाजी याच कुलातली आणि लेट्यूसच्या जवळच्या नात्यातली. तिचे पान मोडून पाहिल्यास तोच पांढरा चीक दिसेल. युनानी औषधांत ‘काहू’ म्हणून जे बी वापरतात ते लेट्यूसचेच.

लेट्यूसचा रानटी पूर्वज म्हणजे लॅक्टुका सेरिओला, एक काटेरी, कडू तण. त्याला माणसाने केव्हा आणि कोठे माणसाळवले? २०२१ साली ४४५ नमुन्यांच्या जनुकसंचांची तुलना प्रसिद्ध झाली. तिच्यावरून असे दिसते की, इ.स.पू. ४००० च्या सुमारास कॉकेशसच्या परिसरात ही सुरुवात झाली आणि पहिला बदल पानांत नव्हे, तर बियांत झाला. रानटी झाडाचे बी पिकताच वाऱ्यावर उडून जाते. लागवडीतल्या झाडाचे बी बोंडातच टिकून राहते. पहिल्या शेतकऱ्यांना बहुधा बियातले तेल हवे होते. प्राचीन इजिप्तच्या शिल्पांत मिन या सुफलतेच्या देवाबरोबर लेट्यूस कोरलेले आढळते. तेही गड्ड्याचे नव्हे, उंच दांड्याचे. पालेभाजी म्हणून त्याचा बोलबाला झाला तो नंतर, ग्रीक आणि रोमन काळात.

गड्डा त्याहूनही पुष्कळ उशिराचा. कोबीसारखा मिटलेला गड्डा धरणाऱ्या लेट्यूसचे पहिले निःसंदिग्ध वर्णन जर्मन वैद्य लेओनहार्ट फुक्स याच्या १५४३ सालच्या वनस्पतिग्रंथात मिळते. म्हणजे सहा हजार वर्षांच्या इतिहासात गड्ड्याचा ठाम पुरावा जेमतेम पाच शतकांचा आहे.

आता आपल्या वाणाकडे येऊ. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात डब्ल्यू. ॲटली बर्पी याने १८७६ साली बियाण्यांची कंपनी काढली. टपालाने बियाणे पाठवणे हा तिचा मुख्य व्यवसाय. चित्रांनी भरलेली तिची सूचिपत्रे शेतकऱ्यांच्या घरोघर जात. या कंपनीने १८९४ साली एक नवे लेट्यूस बाजारात आणले आणि त्याला ‘आइसबर्ग’ हे नाव दिले. गड्डा घट्ट, पाने करकरीत, वरच्या पानांच्या कडांना किंचित तांबूस-तपकिरी झाक. हे वाण आजही जुन्या वाणांच्या विक्रेत्यांकडे मिळते.

त्याचे बी हातात घेतले तर पहिली गोष्ट जाणवते ती त्याचा हलकेपणा. एका ग्रॅममध्ये आठशे ते हजार बिया भरतात, म्हणजे एक बी सुमारे एक मिलिग्रॅमचे. खरे तर आपण ज्याला बी म्हणतो ते कोरडे फळच असते. आत एकच बी. एवढ्याशा बियात शिदोरी ती किती असणार? हरभऱ्याचा कोंब दोन-तीन इंच मातीतून वर येऊ शकतो, लेट्यूसचा नाही. खोल गाडले गेलेले बी रुजले तर कोंब उजेडाला पोचण्याआधीच शिदोरी संपेल आणि रोप मरेल. तेव्हा ‘आपण मातीच्या वर आहोत की खाली?’ हे रुजण्यापूर्वी कळणे हा त्या बियाच्या जीवनमरणाचा प्रश्न आहे.

बियाला हे कळते कसे, याचा पहिला धागा १९३० च्या दशकात सापडला. अमेरिकेच्या कृषी खात्यातील लुइस फ्लिंट आणि स्मिथसोनियन संस्थेतील ई. डी. मॅकॲलिस्टर यांनी लेट्यूसच्या बियांवर वर्णपटाचे वेगवेगळे भाग पाडून पाहिले. त्यांची युक्ती साधी आणि मार्मिक होती. आधी सर्व बियांना इतकाच प्रकाश द्यायचा की त्यांतल्या सुमारे निम्म्या उगवाव्यात. मग त्यांच्यावर वर्णपट टाकायचा. जेथे उगवण निम्म्याहून वाढेल तो रंग अनुकूल, जेथे घटेल तो प्रतिकूल. त्यांना आढळले की, तांबडा प्रकाश उगवण वाढवतो; पण तांबड्याच्याही पलीकडे, डोळ्याला जेमतेम दिसणारा जो पट्टा आहे, तो उगवण दाबून टाकतो. या पट्ट्याला आपण दूर-तांबडा म्हणू. १९३५ आणि १९३७ साली हे निबंध प्रसिद्ध झाले आणि पुढची काही वर्षे तसेच पडून राहिले. विज्ञानात असे अनेकदा घडते.

दरम्यान वॉशिंग्टनजवळच्या बेल्ट्सव्हिल येथील कृषी संशोधन केंद्रात दुसराच प्रश्न चालू होता. काही झाडे दिवस लहान झाल्यावर फुलतात, काही मोठा झाल्यावर. गार्नर आणि ॲलर्ड यांनी हे १९२० साली दाखवले होते. पण झाड दिवसाची लांबी मोजते कशाने? वनस्पतिशास्त्रज्ञ हॅरी बोर्थविक आणि रसायनशास्त्रज्ञ स्टर्लिंग हेंड्रिक्स यांनी यासाठी एक प्रचंड वर्णपटमापी उभारला. प्रकाशासाठी सिनेमाच्या प्रोजेक्टरमधला कार्बन आर्क वापरला. हेंड्रिक्स हा लायनस पॉलिंगचा विद्यार्थी, मूळचा स्फटिक आणि मातीतील खनिजे यांचा अभ्यासक. फुलांच्या प्रश्नाकडे त्याने वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सवयीने पाहिले नाही, आणि आमच्या मते तेच उपयोगी पडले. कोणत्या रंगाचा प्रकाश किती द्यावा लागतो, याची आकडेवारी जमली की तो शोषणारे रंगद्रव्य कसे असले पाहिजे, हे रसायनशास्त्रज्ञाच्या पद्धतीने ताडता येत होते. फुलण्यावर परिणाम करणारा प्रकाश तांबडा निघाला.

त्याच केंद्रात एबेन टूल आणि व्हिव्हियन टूल हे दांपत्य बियांच्या उगवणीवर काम करीत होते. त्यांना फ्लिंटचे जुने काम ठाऊक होते. लेट्यूसचे बी त्या मोठ्या वर्णपटाखाली ठेवून पाहावे असे ठरले. यासाठी वापरलेले ‘ग्रँड रॅपिड्स’ हे वाणही जुनेच, मिशिगन राज्यातल्या त्याच नावाच्या शहरात तयार झालेले; मात्र ते मोकळ्या पानांचे, गड्ड्याचे नव्हे.

प्रयोग असा होता. ओल्या बियांना अंधारात ठेवून काही मिनिटे तांबडा प्रकाश दिला. उगवण ७० टक्के. तांबड्यानंतर लगेच दूर-तांबडा दिला. उगवण ६ टक्के. पुन्हा तांबडा दिला. ७४ टक्के. पुन्हा दूर-तांबडा. ६ टक्के. असे चार वेळा आलटून-पालटून केले तरी शेवटचा प्रकाश तांबडा असेल तर उगवण ८१ टक्के आणि दूर-तांबडा असेल तर ७ टक्के. आधी काय घडले याला काही किंमत नाही, शेवटचा प्रकाश कोणता एवढेच बी लक्षात ठेवते. घरातल्या दिव्याचे बटण कितीही वेळा दाबले तरी शेवटी ते ज्या बाजूला असेल त्यावर दिवा ठरतो, तसेच हे. १९५२ साली बोर्थविक, हेंड्रिक्स, पार्कर आणि टूल दांपत्याने हा निबंध प्रसिद्ध केला.

यावरून त्यांनी भाकीत केले की, एकच रंगद्रव्य दोन रूपांत असले पाहिजे. एक रूप तांबडा प्रकाश शोषून दुसऱ्यात बदलते, दुसरे दूर-तांबडा शोषून पहिल्यात. रंगद्रव्य कोणी पाहिले नव्हते, नुसत्या उगवणीच्या टक्केवारीवरून बांधलेला हा तर्क होता. सात वर्षांनी, १९५९ साली, वॉरन बटलर, कार्ल नॉरिस आणि सहकाऱ्यांनी ते रंगद्रव्य अंधारात वाढवलेल्या मक्याच्या रोपांत प्रत्यक्ष मोजून दाखवले. त्याला पुढे ‘फायटोक्रोम’ हे नाव मिळाले. फुलणे, दांडा लांबणे, पानाचा हिरवेपणा अशा कितीतरी गोष्टींचे नियंत्रण त्याच्याकडे आहे, हे आता महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांत असते.

दूर-तांबड्याने बी थांबते याचा अर्थ रानात गेले की लागतो. हिरवे पान तांबडा प्रकाश खाऊन टाकते, दूर-तांबडा मात्र त्यातून सहज पार होतो. दाट पाल्याखाली पडलेल्या बियाला दूर-तांबडाच जास्त मिळतो. ‘डोक्यावर दुसऱ्याचे छप्पर आहे, थांब’ असा तो निरोप. माती झाकणारही नाही आणि सावलीही नाही अशी जागा मिळेपर्यंत बी वाट पाहते.

शाळेत हे सहज करून पाहता येईल. तीन बशांत टीपकागद ओला करून प्रत्येकीत पन्नास बिया पसराव्यात. एक बशी उजेडात, एक काळ्या कागदात गुंडाळून आणि एक ताज्या हिरव्या पानांच्या दोन-तीन थरांखाली ठेवावी. तिसरीच्या बाजूंनी उजेड शिरू देऊ नये. तीन-चार दिवसांनी मोजावे. खोलीचे तापमान २५ अंशांच्या आसपास असावे. हे शेवटचे महत्त्वाचे, कारण थंडीत, म्हणजे १५ अंशांच्या सुमारास, बरेचसे बी अंधारातही उगवते आणि प्रयोग फसल्यासारखा वाटतो. शिवाय बी जुने होत जाते तशी त्याची प्रकाशाची गरज ओसरते. आजकालच्या अनेक वाणांत ती मुळातच कमी आहे, तर गोळीबंद बियाण्यावर कारखान्यात आधीच संस्कार केलेले असतात. म्हणून एकाच दुकानातल्या दोन पाकिटांचे निष्कर्षही वेगळे येऊ शकतील. विद्यार्थ्यांनी ते तसेच नोंदवावेत. पुस्तकाशी जुळवून घेऊ नयेत.

प्रकाशाइतकीच उष्णतेचीही अडचण आहे. सुमारे ३० अंशांच्या वर लेट्यूसच्या बहुतेक वाणांचे बी उगवण्याचे नाकारते. मरत नाही, थांबते. भूमध्य समुद्राकडच्या रानटी पूर्वजाचा हा शहाणपणा: उन्हाळ्यात रुजले तर पुढे पाणी नाही, पावसाळी थंडीपर्यंत थांबलेले बरे. मात्र कॅलिफोर्नियाच्या एका रानटी नमुन्याचे बी बऱ्याच अधिक तापमानातही उगवते. त्याच्या मदतीने डेव्हिस येथील विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली या थांबण्यामागचे एक जनुक ओळखले. आपल्याकडे याचा अर्थ सरळ आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उकाड्यात पेरलेले बी उगवले नाही तर दुकानदाराला दोष देण्याआधी थर्मामीटर पाहावा. नोव्हेंबरात रात्री थंड पडू लागल्या की पेरावे. घाई असेल तर ओले बी एक-दोन दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून मग संध्याकाळी टाकावे. वाफा गार राहावा म्हणून त्यावर ओले पोते घालण्याची आपली पद्धत येथे अर्धीच उपयोगी आहे, कारण पोते उष्णतेबरोबर उजेडही अडवते.

रोपे चार-पाच पानांची झाली की ती गादीवाफ्यावर फूटभर अंतराने लावतात. पहिली पाने पसरट येतात. पुढची उभी, रुंद आणि आत वळलेली येतात, त्यांच्या आत आणखी, आणि गड्डा भरत जातो. हे मिटणे झाडाच्या दृष्टीने काही फायद्याचे नाही. आतल्या पानांना उजेडच मिळत नाही. ते माणसाने निवडलेले आहे. २०२० साली चीनमधील संशोधकांनी गड्ड्यामागचे एक कारण शोधून काढले. जनुकसंचात एका जागेवरून दुसरीकडे उडी मारणारे डीएनएचे तुकडे असतात. बार्बरा मॅक्लिंटॉकने मक्यात शोधलेले, तेच. असा एक तुकडा पानाच्या घडणीशी संबंधित जनुकात येऊन बसला आणि ते जनुक नको तेवढे कार्यरत झाले. कोणा युरोपीय बागवानाने परसात एक वेडेवाकडे, मिटलेले झाड पाहिले आणि उपटून टाकण्याऐवजी त्याचे बी धरले असेल, असे आता म्हणायला हरकत नाही.

इकडे आइसबर्गच्या नावाचे काय झाले ते पाहू. आइसबर्ग हे नाव बर्फावरून पडले, कारण कॅलिफोर्नियातून पूर्वेकडे जाणाऱ्या रेल्वेच्या डब्यांत गड्ड्यांवर बर्फाचा चुरा टाकत, अशी एक कथा पुष्कळ ठिकाणी छापलेली आढळते. बर्फाची वाहतूक खरी. पण ती भरभराटीला आली विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत. बर्पीच्या सूचिपत्रातले नाव १८९४ चे. तारखा शेजारी मांडल्या की कथा कोसळते.

त्याहून गमतीची गोष्ट अशी की, रेल्वेतून जाणारे ते गड्डे बर्पीच्या वाणाचे नव्हतेच. ते प्रामुख्याने ‘न्यूयॉर्क’ नावाच्या दुसऱ्या वाणाचे होते आणि बाजारात त्यांना आइसबर्ग म्हणत. १९२० च्या दशकात या वाणावर ‘ब्राउन ब्लाइट’ हा रोग पडला आणि कॅलिफोर्नियाचे मळे बसू लागले. कृषी खात्याच्या आयव्हन जॅगर याने रोगातून वाचलेली झाडे निवडून ‘इम्पीरियल’ या नावाखाली वाणांची मालिका तयार केली. १९४१ मध्ये ‘ग्रेट लेक्स’ आले, १९७५ मध्ये एडवर्ड रायडरचे ‘सॅलिनास’. गिऱ्हाइकाच्या तोंडी मात्र नाव एकच राहिले. आज आइसबर्ग हे एका वाणाचे नाव न राहता करकरीत गड्ड्याच्या साऱ्या जातकुळीचे नाव झाले आहे. लेट्यूसचा संपूर्ण जनुकसंच २०१७ साली प्रसिद्ध झाला तोही ‘सॅलिनास’चा. आपल्याकडे १९९६ साली मॅकडॉनल्ड्सची दुकाने उघडली तेव्हा त्यांच्यासाठी तळेगावच्या त्रिकाया ॲग्रिकल्चरने आइसबर्ग पिकवायला घेतले. तेही अर्थात याच जातकुळीतले.

नाव टिकते आणि झाड बदलते. तसेच झाड टिकून नावे बदलतात. यातूनच एक वाद उभा राहिला आहे आणि तो शिक्षकांनी वर्गात नेण्यासारखा आहे. जैवविविधतेच्या ऱ्हासाविषयी बोलताना एक आलेख नेहमी दाखवतात. अमेरिकेत १९०३ साली लेट्यूसची ४९७ वाणे विकली जात, १९८३ साली राष्ट्रीय बीजकोठारात त्यांपैकी ३६ उरली होती. ही तुलना ‘राफी’ या संस्थेने १९८३ साली केली आणि २०११ मध्ये ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने तिचे सुंदर चित्र छापल्यावर ती जगभर गेली. आकडा धक्कादायक आहे. पण तो कशाचा आहे?

१९०३ ची यादी कृषी खात्याच्या डब्ल्यू. डब्ल्यू. ट्रेसी याने केलेली. त्याने कंपन्यांच्या सूचिपत्रांतली नावे गोळा केली होती. प्रत्येक कंपनीला आपले वाण वेगळे भासवण्यात रस होता, म्हणून एकच लेट्यूस निरनिराळ्या नावांनी विकले जाई. ट्रेसीला याची पुरेपूर कल्पना होती. पुढच्याच वर्षी, १९०४ मध्ये, त्याने फक्त लेट्यूसवर एक पुस्तिका काढली आणि त्यात झाडे प्रत्यक्ष तपासून कोणती नावे एकाच वाणाची आहेत हे मांडले. खरोखर भिन्न अशी वाणे नावांच्या मानाने पुष्कळच कमी भरली. दुसरा मुद्दा असा की, १९०३ ची यादी दुकानांची आणि १९८३ ची एका कोठाराची. दोन वेगळ्या गोष्टींची ही तुलना. पॉल हील्ड आणि सुझाना चॅपमन यांनी १९०३ च्या सूचिपत्रांची तुलना २००४ च्या सूचिपत्रांशीच केली. ४८ पिकांची मिळून वाणे तेव्हा ७२६२ होती, २००४ मध्ये ७१००. म्हणजे एकूण संख्या जवळजवळ तीच!

मग ऱ्हास झालाच नाही का? येथे घाईने निष्कर्ष काढणे आम्हाला पटत नाही. याच अभ्यासात, १९०३ च्या यादीतली सुमारे ६ टक्केच वाणे २००४ मध्ये विक्रीला होती, असेही दिसले. संख्या भरून निघाली ती नव्या वाणांनी, परदेशी वाणांनी आणि घराघरांतून बाहेर आलेल्या जुन्या बियाण्यांनी. नवे वाण जुन्याची जागा घेते, त्याचे जनुक घेऊन येतेच असे नाही. लेट्यूसला केवडा रोगाने सतत पछाडलेले असते, आणि त्याची बुरशीसारखी सूक्ष्मजीव प्रजाती दर काही वर्षांनी नव्या प्रकारात पुढे येते. तिला तोंड देणारी जनुके शोधायला संशोधक पुन्हापुन्हा जुन्या वाणांकडे आणि रानटी सेरिओलाकडेच जातात. आपल्याला नेमके कोणते जनुक लागणार हे आधी सांगता येत नाही, खरी अडचण तीच आहे. तेव्हा ४९७ आणि ३६ हे आकडे सोडून द्यावेत. चिंता सोडून देण्याचे कारण नाही.

जुनी वाणे वाचली ती कोठारांपेक्षाही परसांतून. अमेरिकेचे अध्यक्ष थॉमस जेफर्सन यांच्या माँटिसेलो येथील बागेत ‘टेनिस बॉल’ नावाचे लहान गड्ड्याचे लेट्यूस लावत, आणि ते आजही तेथे लावले जाते. वसंतापासून शरदापर्यंत दर सोमवारी एक अंगुस्तानभर बी पेरावे, म्हणजे ताजी पाने खंड न पडता मिळतात, अशी त्यांची नोंद आहे. १९७५ साली सुरू झालेल्या ‘सीड सेव्हर्स एक्स्चेंज’ या मंडळाचे सभासद तर टपालाने आपसांत बियाणे वाटतात. हे लेट्यूसच्या बाबतीत सोपे जाते याचे कारण त्याच्या फुलात आहे.

मार्चमध्ये ऊन चढू लागले आणि दिवस मोठा झाला की लेट्यूसला, कांद्याला येतो तसा, डेंगळा येतो. पाने कडू होतात आणि खाणाऱ्याचा रस संपतो, बी धरणाऱ्याचे काम मात्र आता सुरू होते. आइसबर्गसारख्या घट्ट गड्ड्यात डेंगळा अडकून आतच कुजू शकतो. म्हणून जुने बागवान गड्ड्याच्या माथ्यावर सुरीने फुलीसारखा उथळ छेद देत किंवा वरची पाने सोलून काढीत. बाहेर पडलेला दांडा तीन-चार फूट वाढतो आणि त्यावर लहान पिवळी फुले येतात. प्रत्येक फूल म्हणजे पंधरा-वीस फुलांचा झुबका. तो एकदाच, सकाळी काही तासांपुरता उमलतो. उमलताना स्त्रीकेसर परागकोशांच्या नळीतून वर सरकते आणि जाताजाता आपल्याच परागांनी माखून निघते. त्यामुळे जवळजवळ सगळे बी स्वपरागणाचे असते. कोबीचे किंवा कांद्याचे शुद्ध बी धरायचे तर दुसरे वाण फार दूर ठेवावे लागते. येथे दहा-पंधरा फुटांचे अंतर पुरते. लेट्यूसची बाजारातली बहुतेक वाणे संकरितही नसतात, म्हणून त्यांचेही बी पुढच्या वर्षी तसेच झाड देते.

एक सावधगिरी मात्र घ्यावीच लागते. ज्या झाडाला सर्वांत आधी डेंगळा आला त्याचे बी सर्वांत आधी पिकते आणि ते काढून ठेवण्याचा मोह होतो. असे चार-पाच वर्षे केले तर गड्डा भरायच्या आत डेंगळा येणारे वाण आपल्या हाती येईल, आणि पाकिटावरचे नाव मात्र तेच राहील. म्हणून पहिले डेंगळे आलेली झाडे, तसेच रंग-आकाराने वेगळी दिसणारी झाडे आधीच उपटायची. बी धरायचे ते गड्डा चांगला भरून उशिरा फुललेल्या दहा-बारा झाडांचे.

फुलल्यापासून साधारण दोन-तीन आठवड्यांनी बोंडांच्या टोकाला पांढरे तंतू दिसू लागतात, रुईच्या म्हातारीसारखे पण तोकडे. सगळे बी एकदम पिकत नाही, तेव्हा दर दोन-तीन दिवसांनी दांडा कागदी पिशवीत वाकवून झटकावा लागतो. आपल्याकडे हे काम एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत येते. ते सोयीचेच आहे, कारण पिकल्या बोंडांवर पाऊस पडला तर बी काळे पडते. गोळा केलेले बी हातावर चोळावे, सुपाने पाखडावे, आठवडाभर सावलीत वाळवावे. जेम्स हॅरिंग्टन या बीजशास्त्रज्ञाने साठवणीचा एक ठोकताळा दिला आहे: बियातला ओलावा एक टक्क्याने कमी केला की त्याचे आयुष्य दुप्पट होते, तापमान पाच अंशांनी उतरवले की पुन्हा दुप्पट. घट्ट झाकणाच्या बाटलीत, तळाशी भाजून कोरडे केलेले तांदूळ घालून, बी फ्रिजमध्ये ठेवले तर ते काही वर्षे चांगले राहते. कोकणातल्या दमट हवेत उघड्या पाकिटात एक पावसाळाही काढणे त्याला जड जाते. बाटलीवर वाणाचे नाव आणि वर्ष लिहावे, आणि किती झाडांचे बी आहे तेही.

ताजे बी मात्र लगेच पेरून पाहू नये. नुकत्याच काढलेल्या बियात सुप्तावस्था सर्वांत जास्त असते, आणि बाहेर मे महिना असतो.